फेस आणि केस

२०२४ सरताना आणि २०२५ च्या जानेवारीत बुलढाणा जिल्ह्याच्या शेगाव तालुक्यातली बोंडगाव, कालवड, हिंगणा ही गावं एकाएकी राज्यभर माहीत झाली. आधी डोकं खाजायचं, मग केसांना हात लावला की पुंजका हातात यायचा, आणि तीन-चार दिवसांत टक्कल पडायचं. म्हातारी माणसं, बायका, शाळकरी पोरं, कोणीच त्यातून सुटलं नाही. संशय आधी पाण्यावर गेला, मग बुरशीवर, आणि बोलता बोलता शाम्पूचंही नाव निघालं. पाण्याचे नमुने घेतले गेले, आयसीएमआरचं पथक येऊन गेलं. विंचूदंशावरच्या कामामुळे सगळ्यांना ठाऊक असलेले महाडचे डॉ. हिम्मतराव बावस्कर यांनी रुग्णांचं रक्त, लघवी आणि केस तपासून घेतले. त्यांत सेलेनियम कितीतरी पट जास्त असल्याचं सांगून त्यांनी रेशनच्या गव्हाकडे बोट दाखवलं. पुढे एप्रिलमध्ये त्याच भागातल्या लोकांची नखंही गळू लागल्याच्या बातम्या आल्या.

हे प्रकरण इथे काढण्याचं कारण एवढंच, की केस गेले तर आपण न्हाणीघरातल्या बाटलीकडे बघतो आणि केस यावेत असं वाटलं तरी त्याच बाटलीकडे बघतो. दोन्ही वेळा तिला जरा जास्तच मान मिळतो. शाम्पू काय करतो, कंडिशनर काय करतो आणि दोघांच्या हातात काय नाही, हे एकदा नीट कळलं तर निम्मा खर्च आणि बरीचशी काळजी वाचते.

केसाचा जिवंत भाग कातडीच्या आत असतो, मुळाशी, काही मिलिमीटर खोल. बाहेर दिसतो तो केराटिन या प्रथिनाचा मेलेला धागा. मेलेला आहे म्हणूनच न्हाव्याची कात्री दुखत नाही. हा धागा महिन्याला साधारण एक सेंटिमीटर वाढतो. म्हणजे साठ सेंटिमीटर लांब वेणीचं टोक पाच वर्षांचं असतं. पाच उन्हाळे, पाच होळ्या, रोजचा कंगवा, रबरबँड आणि हेल्मेट एवढं सगळं त्या टोकानं सोसलेलं असतं. मुळाजवळचा केस मात्र गेल्या महिन्यातला, कोवळा. एकाच केसाच्या या दोन टोकांना एकच औषध कसं चालेल?

धाग्याच्या भोवती सहा ते दहा थरांचं खवल्यांचं आवरण असतं. मंगलोरी कौलं जशी एकावर एक चढवून उताराला लावतात तसे हे खवले टोकाच्या दिशेनं बसलेले असतात. ते नीट बसलेले असले की केसावर उजेड परततो, तो चमकतो आणि कंगवा सरळ उतरतो. उचकटले की केस राठ होतो, गुंततो आणि शेवटी टोकाला फाटे फुटतात. या खवल्यांवर जन्मतःच एक पातळ स्निग्ध थर चिकटलेला असतो. ब्लीच आणि केस रंगवण्याची रसायनं तो उडवतात, आणि त्या धाग्यावर तो पुन्हा येत नाही. म्हणून जाहिरातीत 'केसांचं पोषण' दिसलं की मी तो शब्द मनातल्या मनात खोडते. मेलेल्या धाग्याला जेवू घालता येत नाही, त्याची झीज तेवढी थांबवता येते. जिवंत आहे ती टाळू. घाम तिथे येतो, तेल तिथे पाझरतं, खाज तिथे सुटते. शाम्पू टाळूसाठी आणि कंडिशनर लांबीसाठी, या एका वाटणीत पुढचं जवळजवळ सगळं येतं.

आपल्याकडे ही वाटणी बाटली यायच्या कितीतरी आधी होती. नरक चतुर्दशीच्या पहाटे आधी डोक्यावर तेल, मग उटणं, शिकेकाई आणि ऊन पाणी. शिकेकाई म्हणजे सह्याद्रीच्या रानात चढणाऱ्या काटेरी वेलीच्या शेंगा. त्यांत आणि रिठ्यातही सॅपोनिन नावाची द्रव्यं असतात, ती फेस करतात आणि तेल सोडवतात. घरोघरच्या कुटात शिकेकाई आणि रिठ्याबरोबर आवळकाठी, नागरमोथा, मेथ्या, संत्र्याची वाळलेली साल असं काय काय पडायचं. हा कूट डोळ्यांत गेला की जो आकांत व्हायचा तो ज्यांनी अनुभवलाय त्यांना 'नैसर्गिक म्हणजे सौम्य' हे पटवणं अवघड आहे. शिकेकाई चांगली आहे यात वाद नाही. पण दळण जाडसर राहिलं तर कण केसांत अडकतात, ते काढायला दोन बादल्या पाणी लागतं, आणि नळाला दिवसाआड पाणी येणाऱ्या गावात हा हिशेब सोपा नाही.

शिकेकाईनंतर पुष्कळ घरांत शाम्पू आला नाही, साबण आला. तोच अंगाला आणि तोच डोक्याला. केसांचं खरं नुकसान या टप्प्यावर झालं असं माझं मत आहे. साबण अल्कधर्मी असतो, त्याचा सामू नऊ-दहाच्या आसपास. टाळूचा सामू साधारण साडेपाच आणि केसाचा त्याहूनही खाली. अल्कधर्मी पाण्यात खवले उघडतात आणि केसाला केस घासतो. त्यात पाणी जड असेल तर पाहायलाच नको. दख्खनच्या काळ्या पाषाणातून झिरपलेल्या पाण्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियम उतरतं. साबणाशी त्यांची गाठ पडली की न विरघळणारा पांढरा चिकट साका तयार होतो आणि तो केसांवर बसतो. 'पाणी बाधलं' म्हणून जी तक्रार होते तिच्यात पुष्कळदा दोष निम्मा पाण्याचा आणि निम्मा साबणाचा असतो.

आपलं पाणी जड आहे की नाही हे कळायला प्रयोगशाळा लागत नाही. डाळ लवकर शिजत नाही, साबणाला फेस येत नाही, तोट्यांवर आणि गिझरच्या कॉइलवर पांढरी खपली धरते. पिण्याच्या पाण्यात लिटरला दोनशे मिलिग्रॅमपर्यंत कठीणपणा असावा आणि दुसरा स्रोतच नसेल तर सहाशेपर्यंत चालवून घ्यावा, असं भारतीय मानक सांगतं. मराठवाड्यात, सोलापूर-नगरकडे, पुण्याभोवतीच्या टँकरवर जगणाऱ्या सोसायट्यांत बोअरचं पाणी सहज जड लागतं. मुंबईला भातसा, तानसा, वैतरणेचं पावसाचं साठवलेलं पाणी मिळतं, ते मऊ. गावाकडून मुंबईच्या वसतिगृहात आलेल्या मुलीचे केस महिन्याभरात सुधारले तर श्रेय नव्या बाटलीला मिळतं आणि भातसा धरण बाजूलाच राहतं. जड पाण्यानं केस तुटतात का, यावर संशोधकांचं एकमत नाही. राठ मात्र होतात. शाम्पूचा साका होत नाही, म्हणून अशा पाण्यात साबणापेक्षा साधासा शाम्पूही बरा. घटकांच्या यादीत 'ईडीटीए' दिसलं तर उत्तम, ते पाण्यातल्या क्षारांना धरून ठेवतं. शेवटचे दोन तांबे पिण्याच्या किंवा पावसाच्या पाण्याचे घेतले तर फरक हाताला कळतो. लिंबू मात्र थेट डोक्यावर पिळू नये. ते फार आंबट, टाळूला झोंबतं.

आता शाम्पू. त्याच्या मुख्य रेणूचं एक टोक पाण्याकडे ओढतं आणि दुसरं तेलाकडे. तेलाकडची टोकं मळाला वेढा घालतात, पाण्याकडची बाहेर राहतात, आणि सगळं लटांबर पाण्याबरोबर वाहून जातं. बहुतेक बाटल्यांत हे काम सोडियम लॉरेथ सल्फेट करतं. त्याचा थोरला भाऊ सोडियम लॉरिल सल्फेट अधिक कडक. जोडीला बहुधा कोकामिडोप्रोपिल बीटेन असतं. खोबरेलातल्या आम्लांपासून ते बनतं आणि शाम्पूचा कडकपणा कमी करतं. गेली काही वर्षं 'सल्फेट-फ्री' म्हणून तिप्पट किमतीच्या बाटल्या विकल्या जातात. केस रंगवलेले असतील, फार कोरडे किंवा कुरळे असतील, टाळू चुरचुरत असेल, तर ती किंमत द्यावी. ज्याच्या डोक्याला रोज लोकलचा घाम आणि आठवड्याला वाटीभर तेल, त्यानं सल्फेटला घाबरायचं काही कारण नाही. सल्फेटनं कर्करोग होतो असा पुरावा नाही.

फेसाचंही असंच. फेस आणि स्वच्छता यांचं नातं आपण समजतो तेवढं घट्ट नाही. तेलकट डोक्यावर पहिल्या हाताला फेस येतच नाही, कारण शाम्पू तेलाशी झगडण्यात गुंतलेला असतो. दुसऱ्या हाताला निम्म्या शाम्पूत भरपूर फेस येतो. म्हणून एकदाच ओंजळभर ओतण्यापेक्षा दोनदा थोडाथोडा घ्यावा. केस आधी पूर्ण ओले करावेत, शाम्पू तळहातावर पाण्यात मोडून घ्यावा आणि बोटांच्या पेरांनी टाळूला चोळावा. नखं वापरू नयेत. केसांची लांबी डोक्यावर गोळा करून कपडे धुतल्यासारखी चोळणं ही आपली जुनी खोड आहे, ती मोडायला हवी. वरून उतरणारा फेस लांबीला पुरतो.

किती दिवसांनी न्हावं? टाळू सांगेल तेव्हा. घाम-तेल जास्त असेल तर एक दिवसाआड, कोरडी असेल तर आठवड्यातून एकदा. रोज धुतल्यानं केस गळतात हा समज हट्टी आहे. माणसाचे दिवसाला पन्नास ते शंभर केस आपोआप गळतात. चार दिवसांनी न्हाणाऱ्या बाईच्या मोरीच्या जाळीत चार दिवसांचे साठतात, एवढंच.

२०१४ मध्ये ब्राझीलच्या संशोधकांनी १२३ शाम्पूंचा सामू मोजला. साडेपाच किंवा त्याहून कमी निघाले ते जेमतेम ३८ टक्के. आपल्याकडे बाटलीवर सामू क्वचितच छापतात. पण चांगला कंडिशनर आम्लधर्मी असतो आणि शाम्पूनं उघडलेलं बरंचसं तो मिटवतो.

पुडीचा इतिहास सांगायलाच हवा, कारण शाम्पू घरोघरी गेला तो पुडीतून. तामिळनाडूतल्या कडलूरच्या चिन्नी कृष्णन यांनी पुडीतला शाम्पू काढला. त्यांचा मुलगा सी. के. रंगनाथन १९८३ मध्ये पंधरा हजार रुपये घेऊन वेगळा झाला आणि त्यानं 'चिक' आणला. रिकाम्या पुड्या परत आणा नि भरलेली न्या, ही त्याची योजना गावोगाव गाजली. पुढे पन्नास पैशांची पुडी आली. मोठ्या परदेशी कंपन्यांना बाटली सोडून दोरीला लटकणाऱ्या पुड्यांच्या माळेकडे बघणं भाग पडलं. गंमत म्हणजे मिलीमागे हिशेब केला तर आपल्याकडे पुडी अनेकदा बाटलीपेक्षा स्वस्त पडते. मागे छापलेले मिली आणि किंमत भागून पाहावी. तोटा दुसरीकडे आहे. पुडीचा बहुपदरी प्लॅस्टिक कागद भंगारवालाही घेत नाही, आणि नदीच्या कुठल्याही घाटावर न्हाणाऱ्यांच्या मागे या पुड्याच उरतात.

कंडिशनर मात्र मराठी घरात अजून पाहुण्यासारखाच वागतो. एक तर तो चैनीचा वाटतो, किंवा 'लावला की केस चिपकतात' म्हणून बाटली अर्ध्यावर पडून राहते. चिपकतात, कारण तो टाळूला चोळला जातो. ओल्या केसावर ऋण विद्युतभार असतो. जिथे केस झिजलेला तिथे तो अधिक. कंडिशनरमधल्या बेहेनट्रायमोनियम किंवा सेट्रिमोनियम क्लोराइडच्या रेणूंवर धन भार असतो. ते केसाला चिकटतात, आणि जास्त चिकटतात ते नेमके झिजलेल्या जागी, म्हणजे टोकांना. बाकीचं पाण्याबरोबर जातं. जिथे गरज तिथे आपोआप जाऊन बसणारं असं प्रसाधन मला दुसरं माहीत नाही. यादीत 'सेटिल' किंवा 'सेटिअरिल अल्कोहोल' वाचून दचकू नये. ती मेणचट, मऊ करणारी द्रव्यं आहेत, केस सुकवणारं अल्कोहोल ते नव्हे. डायमेथिकोन हे सिलिकॉन. ते केसावर गुळगुळीत पापुद्रा धरतं आणि कंगव्याचं घर्षण कमी करतं. विष वगैरे काही नाही. फक्त फार पातळ केस त्यानं चप्प बसतात.

लावायचा तो असा. शाम्पू पूर्ण निघाल्यावर केस हातानं पिळून घ्यावेत, सुपारीएवढा कंडिशनर कानाच्या खालच्या लांबीला लावावा आणि रुंद दातांच्या कंगव्यानं टोकाकडून वर सरकत गुंता सोडवावा. एक-दोन मिनिटांनी धुऊन टाकावा. अर्धा तास ठेवून जास्त काही मिळत नाही. ओला केस कमजोर असतो, ताणला की लांबतो आणि तुटतो, म्हणून टॉवेलनं खसाखसा पुसू नये. आजीचा सुती पंचा यासाठी सगळ्यात चांगला. फाटे फुटलेली टोकं कुठलाही कंडिशनर सांधत नाही. ती कापावी लागतात. पार्लरमध्ये 'ताई, केस खूप ड्राय झालेत, स्पा करून घ्या' असं सुचवलं जातं, तेव्हा त्या पैशांत अर्धा इंच कापून वर्षभराचा कंडिशनर येतो, हे लक्षात असू द्यावं.

तेलाबद्दल आपल्या आज्या बरोबर होत्या, अर्ध्या. २००३ मध्ये रेले आणि मोहिले या मुंबईच्या संशोधकांनी खोबरेल, सूर्यफूल तेल आणि खनिज तेल यांची तुलना प्रसिद्ध केली. धुण्याआधी किंवा नंतर लावल्यावर केसातून प्रथिनं निघून जाणं ठळकपणे कमी झालं ते फक्त खोबरेलानं. त्यातलं लॉरिक आम्ल आकारानं लहान आणि सरळ, ते केसाच्या आत शिरतं आणि केसाला पाणी पिऊन फुगू देत नाही. हे संशोधक पॅराशूट विकणाऱ्या मॅरिकोचे होते हे सांगायला हवं. पण तेल आत शिरतं हे पुढे इतरांनाही दिसलं. म्हणजे अभ्यंगाचा क्रम, आधी तेल आणि मग न्हाणं, हाच बरोबर. तासभर आधी किंवा रात्री लावलं तरी चालतं. आठवडाभर तेल माखून फिरण्याला मात्र यातून काही आधार मिळत नाही.

हेच खोबरेल खायचं की डोक्याला लावायचं, हा प्रश्न सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला होता, कारण खाद्यतेलावर कर कमी आणि केशतेलावर जास्त. २०१८ मध्ये दोन न्यायमूर्तींची मतं फुटली. डिसेंबर २०२४ मध्ये तीन न्यायमूर्तींनी सांगितलं, की छोट्या बाटलीत आहे म्हणून ते केशतेल ठरत नाही, वेष्टनावर तसं म्हटलेलं असलं तरच ठरतं. आणि २२ सप्टेंबर २०२५ पासून केशतेल आणि शाम्पू दोन्हींवरचा जीएसटी अठरावरून पाच टक्क्यांवर आला. खोबरेलापुरता एवढा जुना वाद नऊ महिन्यांत निरर्थक झाला.

तेलाचा एक शत्रू आहे, कोंडा. कोरडेपणानं कोंडा होतो असं समजून लोक त्यावर तेल थापतात. पुष्कळदा कोंड्यामागे मॅलॅसेझिया ही टाळूवर राहणारी बुरशी असते. तिला स्वतःची चरबी बनवता येत नाही, ती आपल्या टाळूच्या तेलावर जगते. तेल घालणं म्हणजे तिला वाढून देणं. अशा वेळी झिंक पायरिथिऑनचा शाम्पू वापरावा, आणि त्यानं भागलं नाही तर डॉक्टरांच्या सल्ल्यानं कीटोकोनॅझोलचा. तो टाळूवर तीन ते पाच मिनिटं ठेवायचा. लावला नि लगेच धुतला तर पैसे मोरीत जातात. युरोपीय संघानं मार्च २०२२ पासून सौंदर्यप्रसाधनांत झिंक पायरिथिऑनला बंदी केली, हे ऐकून कोणी घाबरतं. ती बंदी त्यांच्या रसायन-वर्गीकरणाच्या नियमातून आपोआप लागली. धुऊन टाकायच्या शाम्पूत एक टक्क्यापर्यंत ते सुरक्षित असल्याचं त्यांच्याच वैज्ञानिक समितीचं मत होतं.

कांद्याच्या शाम्पूबद्दल थोडक्यात. २००२ मध्ये बगदादच्या डॉक्टरांनी चाई पडलेल्या ३८ रुग्णांवर कांद्याचा प्रयोग प्रसिद्ध केला, पण तो चाईच्या डागांवर रोज दोनदा लावलेला कच्चा रस होता. मिनिटभरात धुऊन जाणाऱ्या, सुवासिक बाटलीत घातलेल्या अर्काला त्याचा दाखला देता येत नाही. कांदा लासलगावला विकलेला बरा.

केस मुळापासून गळत असतील तर कारण बाटलीत शोधू नये. डेंग्यू, कोविड, टायफॉइडसारखा ताप, बाळंतपण, मोठं ऑपरेशन यांनंतर दोन-तीन महिन्यांनी केस पुंजक्यानं जातात आणि बहुतेक वेळा आपोआप परत येतात. थायरॉइड बिघडला की जातात. रक्तातलं लोह कमी झालं की जातात, आणि राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रातल्या निम्म्याहून अधिक बायकांना रक्तक्षय आढळला आहे. सहाशे रुपयांचा 'हेअर फॉल' शाम्पू आणण्याआधी हिमोग्लोबिन, फेरिटिन आणि थायरॉइड तपासून घ्या. गळालेल्या केसाच्या टोकाला पांढरी गाठ नसेल तर तो गळालेला नाही, मधून तुटलेला आहे. तिथे शाम्पू नाही, कंडिशनर आणि कंगवा धरायची पद्धत कामाला येते.

दुकानात उभं राहिल्यावर पुढचं चित्र आणि 'आयुर्वेदिक', 'हर्बल' हे शब्द सोडून बाटली उलटी करावी. घटक उतरत्या क्रमानं छापलेले असतात. भृंगराज, कोरफड, कांदा शेवटाकडे असले तर ते नावापुरते आहेत. आणि पैशाचंच बोलायचं तर शाम्पू स्वस्तातला घ्या, टाळूला चालला की झालं. कारण तो मिनिटभरात मोरीत जातो. हात थोडा सैल सोडायचा असेल तर कंडिशनरवर सोडा, तो केसावर राहतो. दोन्ही परवडत नसतील तर न्हाण्याआधी खोबरेल आणि न्हाताना एक पुडी एवढ्यावर लांब केस चांगले राहतात.